डावीकडं घे

सतरा वर्षं हेच ओरडतोय मी
रायबंदरच्या धक्क्यावर, फळी टेकली की:
डावीकडं घे, अजून, अजून थोडी,
टेम्पोवाल्या, तू मधेच राहा.
एका अंगाला भार गेला की बोट कण्हते,
ते मला पायांच्या तळव्यांतून कळतं.

म्हणून डॉक्टर म्हणाले, 'डावी घेऊ,'
तेव्हा मला हसू फुटलं.
त्यांना वाटलं, माणूस घाबरला.
घाबरलोही होतो.

कुंदाला दिवसाला पाऊण लिटर पाणी.
बाटलीवर बॉलपेननं ओढलेली रेघ,
त्यातलंच पेजेचं, त्यातलंच गोळ्यांचं.
आठवड्यातून तीनदा बांबोळी.
परतताना माझ्याच फेरीत,
कठड्याला न टेकता बसायची,
हातावरची पट्टी पदराखाली.
कुठं नळ गळत असला की उठून बंद करायची,
दुसऱ्याच्या घरातलाही.

ती म्हणाली, 'तुझं काही नको मला.'
थोरला भाऊ काय म्हणाला ते सगळं सांगत नाही;
एवढंच, की 'बायको' या शब्दाआधी त्यानं 'दुसरी' म्हटलं.
आई तांदूळ निवडत राहिली,
निवडलेलेच पुन्हा.

रक्त जुळलं. बाकीचंही जुळलं.
ऑफिसात विचारलं, नवराबायको असल्याचा पुरावा?
पणजीला केलेल्या सह्यांचा कागद दिला,
आणि लग्नातला एक फोटो,
त्यात मी भलतीकडंच बघतोय.
कुणाची जबरदस्ती? कुणी पैसे?
नाही, नाही.
बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. लिहून घेतलं.

पण मला विचारायचं होतं ते कुणाला विचारायचं?
डॉक्टर टक्के सांगत.
मला खोकला आला तर काय होतं, ते हवं होतं.

लुर्दिस टीचर रोज पावणेआठच्या फेरीला,
छत्री, डबा, तपासायच्या वह्या.
तिला कुणी सांगितलं, ठाऊक नाही;
बेटावर काय, बोलण्याआधीच पोचतं.
इंजिनाच्या आवाजात ती जवळ आली:
'शाणू, म्हाकाय एकूच आसा. णव वर्सां जालीं.'
भावाला दिलेली.
नऊ वर्षं मी तिला डावीकडं उभी करत होतो
आणि तळव्यांना काही कळलं नव्हतं.

मग रोज पाच-सहा मिनिटं, चोडणचा धक्का येईस्तोवर:
खोकताना उशी पोटाशी धर.
उठताना कुशीवर वळ, जोर हातावर.
खांदा दुखेल, पोटात भरलेल्या हवेनं,
हे आधी कुणी सांगत नाही.
तिसऱ्या दिवशी रडू येईल, कारण नसताना. येऊ दे.
सगळे तिलाच बघायला येतील, फळं तिच्याच उशाशी.
राग येईल तुला. तोही येऊ दे.
आणि शेवटच्या दारापर्यंत नाही म्हणता येतं,
डॉक्टर घरी दुसरंच काही कारण सांगतात.

हे शेवटचं ऐकलं
आणि त्या रात्री मला झोप लागली.

शुद्धीवर आलो तेव्हा घशात वाळू.
बाकावर टीचर, लाल पेन, वह्या.
भाऊ मोसंबी घेऊन दारातच उभा,
आत यावं की नाही, हे कुणी सांगावं म्हणून.
नर्स म्हणाली, 'तिकडची पिशवी दोनदा बदलली,
पुन्हा भरत आली.'
बायकोच्या लघवीची बातमी.
याहून चांगली बातमी आजवर मला कुणी दिली नव्हती.
हसलो. उशी धरून.

फळी अजून ओढत नाही मी. हातात फक्त शिट्टी.
काल कुंदा चढली, तोंडाला मास्क.
कठड्याला टेकली.
मास्क खाली करून पिशवीतून बाटली काढली,
रेघ नसलेली,
आणि मांडवीच्या मध्यावर
गटागटा, थांबून, पुन्हा.

एक जीप आडवी लागली होती.
मागचे हॉर्न देत होते.
कुणीतरी ओरडायला हवं होतं.